चूलबंद

आदिती : आण्णा, शेवटचं विचारते. रविवारी कुरुंदवाडला जाऊन किती घरांना अक्षत दिलीत?

भूपाल : सांगिटलं की मगाशी. पाच. तू कागदावर लिवून दिलतीस तेवढीच.

अक्काताई : पाच घरास्नी दोन किलो तांदूळ लागत्यात व्हय रं भूपाल?

भूपाल : अक्का, तू गप बस की जरा.

अक्काताई : मी गपच हाय. हळद लावून तांदूळ मीच पिवळं केलतो, म्हणून इचारलं.

आदिती : आत्ताच तवनाप्पा काकांचा फोन येऊन गेला. म्हणाले, बाळ, शुक्रवारी आम्ही अकरा माणसं येतोय लग्नाला, मास्क घरनं लावून यायचे, का टोपी-टॉवेलासारखे तुम्हीच वाटणार? तवनाप्पा काका माझ्या यादीत कुठं होते?

भूपाल : टोपी-टॉवेलासारखं म्हटला? त्यो पहिल्यापासनं तसलाच हाय.

आदिती : आण्णा, हसू नका. किती घरं?

भूपाल : बासष्ट.

आदिती : बासष्ट!

भूपाल : आख्खी गल्ली. वरच्या टोकापासनं पार बस्तीच्या देवळाच्या दारापातूर.

आदिती : नुसती अक्षत दिलीत ना? एका घरातनं एक माणूस?

अक्काताई : न्हाय बाळ. चूलबंद.

आदिती : संपलं. म्हणजे त्या दिवशी बासष्ट घरांत चूल पेटणार नाही. म्हातारी-कोतारी, पाळण्यातली पोरं, माहेराला आलेल्या लेकी, सगळी आपल्याकडं जेवायला. आण्णा, मांडवात पन्नास माणसांची परवानगी आहे. वृषभच्या घरची वीस हातकणंगल्याहून येणार, आपली पंचवीस. वर उपाध्ये, फोटोवाला आणि तीन आचारी. झाले पन्नास. तुम्ही तीनशे माणसांना बोलावून आलात आणि दोन दिवस घरात शीळ वाजवत फिरताय!

भूपाल : मी काय ठरवून केलं न्हाय. पाचच घरं करायची म्हणून निघालतो. पहिल्या दारातनं भाईर पडलो तर शेजारची म्हातारी उंबऱ्यात ताट घेऊन उभी. अक्षत माझ्या हातात, ताट तिच्या हातात. तोंड चुकवून फुडं जाऊ? तिला दिली तर पल्याडचा बघतोय. वर्स झालं बघ, कुणी कुणाच्या दारात गेलं न्हाय. माणसं नुसती खिडकीतनं बघून हात करायची. परवा गल्लीत शिरलो आनि एकेक दार उघडाय लागलं. मला लई बरं वाटलं गं. तोंडातनं आपसूक निघालं, शुक्रवारी लगीन हाय, चूलबंद बरं का.

अक्काताई : मी आपल्या उंबऱ्यात बसून बघत हुतो. एवढा हसला हुता का कवा वर्सभरात? म्हणून मीबी काय बोललो न्हाय.

आदिती : म्हणजे तुम्ही दोघंही त्यात.

भूपाल : तू तुझी नियमांची यादी वाच एकदा अक्काला. वाच. ही लग्नाची पत्रिका हाय का दवाखान्याचा केसपेपर, ते तिलाच ठरवू दे.

आदिती : वाचते की. दारात प्रत्येकाचा ताप बघायचा. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. आकडा कमी आला तर आत घ्यायचं नाही.

अक्काताई : ताप बघायचा म्हंजे? तोंडात काचंची नळी देणार?

आदिती : नाही गं. एक मशीन असतं, ते कपाळासमोर धरायचं.

भूपाल : पिस्तूल असतंय. पावण्याच्या कपाळाला पिस्तूल लावायचं आनि म्हणायचं, या, बसा, पाणी घ्या.

आदिती : सर्दी-खोकला असेल त्यानं यायचं नाही. दहा वर्षांच्या आतलं मूल नको. पासष्टच्या वरचं कुणी नको, दमेकरी नको, शुगरवाले नकोत. फेटे बांधायचे नाहीत, आहेर नाही, पंगत नाही. खुर्च्या लांब लांब. जेवण सोडून मास्क काढायचा नाही, फोटोतसुद्धा.

भूपाल : नवरा-नवरी आलेली चालतील काय?

आदिती : चालतील. त्यांची टेस्ट बुधवारी आहे. तुमचीही.

अक्काताई : पासष्टच्या वरचं कुणी नगं. मला एकाहत्तर चाललंय. आनि दमा हाय.

आदिती : तू सोडून, आत्ती. तुझं नाव यादीत पहिलं आहे. म्हणून तर तुला रविवारीच इथं आणून वरच्या खोलीत ठेवलंय, कुणाला जवळ येऊ देत नाही. मांडवात तू मोकळ्या बाजूला बसणार, माझ्या मागं. मला मान वळवली की दिसशील अशी.

भूपाल : आता कसं? गल्लीतल्या म्हाताऱ्यास्नी मी काय सांगू? तुमी पासष्टच्या वरची, तुमी येऊ नगा, पर आमची अक्का फुडच्या खुर्चीत बसणार?

आदिती : आत्ती आपल्या घरची आहे.

भूपाल : त्याबी कुणाच्यातरी घरच्याच की गं.

आदिती : मला वाद नको. आजच्या आज सगळ्यांना फोन करून सांगा, येऊ नका म्हणून. नाहीतर मी रजिस्टर लग्न करते. तिथं साक्षीदार तेवढे लागतात.

भूपाल : फोन करून काय सांगू? अक्षत परत द्या म्हणू? पानावर बसलेल्याला दंडाला धरून उठवल्यागत हाय ते. आमच्या घरात असलं कुणी केलं न्हाय. मी करणार न्हाय.

आदिती : तुम्हाला वाटतं मी हौसेनं नियम केलेत? तुमची लेक नर्स झाली म्हणून मिरवायला?

भूपाल : तसं कवा म्हटलं मी?

आदिती : मग ऐका. गणपतीनंतर आमच्या वॉर्डात एकाच साखरपुड्यातली अकरा माणसं भरती झाली. नवरीचे वडील सतरा नंबरच्या कॉटवर होते. नाकावरचा मास्क बाजूला सारून मला म्हणायचे, सिस्टर, पोरीची तारीख धरली का तेवढं फोन करून बघा की. मी रोज सांगायची, धरली काका, तुम्ही बरे होऊन चला. आठ दिवस खोटं बोलले मी. नवव्या दिवशी ते गेले. त्यांची मुलगी खाली गेटपाशी उभी होती, तिला आम्ही वरसुद्धा येऊ दिलं नाही. तेव्हापासून मला झोपेत तो कॉट दिसतो, आणि त्यावर तुम्ही दिसता. मी काय करू, सांगा ना. मला भीती वाटते, आण्णा.

भूपाल : हे बोलली न्हाईस कवा.

आदिती : घरी येऊन काय बोलणार? आंघोळ करायची आणि जेवायला बसायचं.

अक्काताई : ये हिकडं. न्हायतर नगं, तिथंच बस. तुझाच नियम हाय.

आदिती : बसलेय मी.

अक्काताई : भूपाल, माझ्या लग्नाच्या दिवशी बापू सकाळी माडीवर कशाला चढलता, हाय ध्यानात?

भूपाल : नसाय काय झालं? मी संगट हुतो. नऊ वर्साचा असंन. धूर बघाय चढलतो आमी.

आदिती : कसला धूर?

भूपाल : चूलबंद आवतान दिलं तर कुणाच्या घरात चूल पेटलीया का, ते बघाय. तवा घराघरात लाकडं जळायची. कौलातनं धूर निघाला की कळायचं, ह्या घरात आपलं आवतान पोचलं न्हाय, न्हायतर माणूस रुसलंय. त्या दिवशी आख्खी गल्ली गप हुती. मागच्या अंगणातल्या आपल्या भट्टीचा धूर तेवढा सरळ वर चाललता. बापूनं मला खांद्यावर घेटलं आनि म्हटला, बघ भूपाल, बघून ठेव, तुझ्या बहिणीच्या लग्नाला गाव उपाशी ऱ्हायलंय.

अक्काताई : आनि मग दिसला.

भूपाल : दिसला की. धोंडुबाईच्या कौलातनं.

अक्काताई : धोंडुबाई म्हंजे आपल्या एक घर सोडून पल्याडची, बाळ. मोरीच्या पाण्यावरनं बापूसंगट वर्सभर बोलत न्हवती. बापू तसाच खाली आला आनि बिनटोपीचा तिच्या दारात गेला. नवरीचा बाप, दारात पावणं आल्यालं, आनि डोक्यावर टोपी न्हाय! आई म्हटली, टोपी तर घाला. थांबला न्हाय. उंबऱ्याभाईर उभा ऱ्हाऊन म्हटला, धोंडुअक्का, माझं काय चुकलं ते मागनं सांग, आदी चूल इजव.

आदिती : विझवली?

अक्काताई : लगीच कशाला इजवंल? म्हटली, भाकरी तव्यावर हाय, टाकून देऊ व्हय? बापू म्हटला, टाकू नगं, मला दे. आनि उंबऱ्यात बसून ती भाकरी खाल्ली त्यानं. कोरडी. लेकीच्या लग्नाच्या दिवशी, शेजाऱ्याच्या उंबऱ्यात. मग तिनं सोताच चुलीवर पाणी मारलं, लुगडं बदललं आनि आली. दुपारी पंगतीत हुग्गी वाढाय तीच फुडं. गव्हाची हुग्गी, वर तुपाची धार. मला म्हणती, पोरी, पोटभर खा, सासरी असली मिळायची न्हाय.

भूपाल : मिळाली का?

अक्काताई : कुठली रं! त्यांच्या हुग्गीत गूळच कमी.

आदिती : हे मला कधी कुणी सांगितलं नाही.

अक्काताई : तुमच्या लग्नात चूल कुठं ऱ्हायली सांगाय? आता गॅस. धूर न्हाय, रुसवा कळत न्हाय. पर मी काय म्हणतो ते नीट ऐक, भूपाल. बापूला मांडवात गर्दीच पायजे हुती असं न्हाय. त्याला धूर नगं हुता. आपल्या घरात लगीन असताना गल्लीतल्या बाईनं चुलीम्होरं बसू नये, एवढंच त्याचं म्हणणं. मग त्यांची चूल बंदच ठेवू की. त्यास्नी हिकडं आणू नगं. जेवान तिकडं धाड.

भूपाल : डबा?

अक्काताई : डबा.

भूपाल : काय बोलतीस अक्का! डबा दुखवट्याच्या घरी जातोय. लग्नाच्या घरनं डबा गेलेला कवा बघिटलास?

अक्काताई : बघिटला न्हाय. आनि ह्या वर्साला काय काय बघिटलं ते इचार की मला. मी तिथं बापूच्या घरात एकटी ऱ्हातो, तू न्हाईस. श्रावणापासनं गल्लीत सात घरी दुखवट्याचा डबा गेला. त्योबी उंबऱ्यावर ठेवायचा आनि लांबनं हाक मारायची. आत जाऊन कुणाच्या पाठीवर हात ठेवला न्हाय आमी. पायगोंडाच्या बायकोनं डबा उचलला आनि दार लावून घेटलं, आतनं रडल्याचा आवाज यायला लागला. मी भाईर उभा. आता त्याच उंबऱ्यांवर एकदा हुग्गी ठेवली तर त्यास्नी राग यील आसं वाटतंय तुला?

भूपाल : ...न्हाय.

अक्काताई : मग?

भूपाल : मग काय न्हाय. फोन मी करतो. घरटी करतो. म्हणतो, आवतान मोडलेलं न्हाय, पंगत तुमच्या दारात येतीया. चूल पेटवू नगा. आकारामचा टेंपो सांगतो, सकाळी आठला हितनं भरला की दहाच्या आत गल्लीत.

आदिती : डबे भरणाऱ्यांना मास्क, टोपी, हातमोजे. आधी टेस्ट.

भूपाल : हुग्गीचीबी करूया काय टेस्ट?

आदिती : करूया. ती मी करते, वाटीभर.

भूपाल : हसली बघ अक्का. आठ दिवसांत पहिल्यांदा.

आदिती : मलाही पाहिजे होतं, आण्णा. तुम्हाला वाटतं मला नको होतं? लहानपणी यशराजदादाच्या लग्नात आम्ही सगळी पोरं मांडवात जाजमावर झोपलो होतो. सकाळी उठलो तर माझ्या अंगावर कुणाची तरी शाल, कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटायचं, माझ्याही लग्नात असं होणार. कुणाचं काय, कुणाचं काय, सगळं एकात एक.

भूपाल : ती शाल तवनाप्पाची हुती. त्यानं सहा म्हैने मागिटली आमास्नी.

आदिती : खरंच?

भूपाल : खरंच की. तुझ्या आईनं उशीत भरली हुती.

आदिती : आई ब्लाऊज घेऊन आली की विचारते तिला. बरं, आता घरं लिहून घ्यायला पाहिजेत. कुठल्या घरात किती माणसं, कुणाला शुगर, सगळं. आत्ती, तू सांग. आण्णांचा भरवसा नाही.

अक्काताई : लिव. डोळं मिटून गल्लीतनं चालतो, म्हंजे कुठलं ऱ्हायाचं न्हाय. वरच्या टोकाला मीरासाबचं. माणसं सहा. हाफिजाला शुगर हाय, तिला हुग्गी थोडी घाल, पर घाल. न्हायतर भांडाय यील.

आदिती : मीरासाब, सहा.

अक्काताई : पुराच्या वर्साला त्यानंच मला पाठीवर घेऊन नावंत बसीवलं. मी म्हटलं, आरं मी जड हाय. म्हणतोय, अक्काताई, तुमी जड न्हाय, तुमचं पितळंचं डबं जड हायत, ते ठेवा खाली.

भूपाल : ठेवलंस?

अक्काताई : कशाला ठेवतो? फुडं तवनाप्पा. अकरा सांगिटली न्हवं? नऊ लिव. दोन दर लग्नात जास्ती सांगतोय.

आदिती : नऊ.

अक्काताई : मग धोंडुबाईचं घर. आता तिचा नातू राजवर्धन असतोय तिथं, बायको आनि दोन पोरं. चार. त्याच्या पल्याड पायगोंडा. तीन.

आदिती : चार नव्हते का गं?

अक्काताई : हुतं चार. श्रावणात तीन झालं.

आदिती : ...तीन.

अक्काताई : थांबू नगं, लिव. पायगोंडाच्या लगतचं घर. पांढरी भित, दारात सोनचाफा. माणूस एक.

भूपाल : अक्का.

आदिती : सोनचाफा? सोनचाफा तर बापूआजोबांच्या दारात आहे. ते तुझं घर, आत्ती. तिथं कशाला डबा? तू तर इथं आहेस.

अक्काताई : गुरवारी जातो मी. आकारामला सांग, फुडं ड्रायव्हरपशी नगं, मला मागं वाऱ्याला बसीव. तुझा नियम पाळून जातो.

आदिती : नाही. अजिबात नाही. नियम मी केलाय, मीच एकदा मोडते. एका माणसानं काय होतंय?

अक्काताई : हे तू बोलतीस?

आदिती : हो, मीच बोलतेय. मला तू पाहिजेस तिथं. मान वळवली की दिसायला पाहिजेस.

अक्काताई : पायगोंडाची म्हातारी माझ्यापेक्षा दोन वर्सानं धाकटी हाय. तिला म्हणायचं, तू म्हातारी, तू घरात बस, आनि मी मांडवात खुर्ची टाकून बसायचं? मग कुठल्या तोंडानं परत त्या गल्लीत जाऊ? तुला सासरी जायचंय, बाळ. मला तिथंच ऱ्हायाचंय.

भूपाल : अक्का, तुला हितंच ठेवून घेतो की मी. कायमची.

अक्काताई : तू गप बस. डबा आला की घराघरात हाक मारायला कोण? तुझा आकाराम हॉर्न वाजवून ठेवून जाईल. कुणी हाय का तिथं, लग्नाच्या घरचं म्हणाय? मी उंबऱ्यात उभा ऱ्हातो, गल्लीला सांगतो, घ्या, आमच्या पोरीचं लगीन हाय.

(आदितीचं पेन थांबलेलं असतं.)

भूपाल : लिव बाळ. ती ऐकायची न्हाय. बापूवर गेलीया.

आदिती : लिहिते. नाव काय लिहू?

अक्काताई : नाव कशाला? सोनचाफ्याचं घर, आकारामला कळतंय. आनि रडू नगं, कागद भिजंल, बाकीच्यांची घरं जातील त्यात.

आदिती : माणसं?

अक्काताई : माणूस एक. हुग्गी मातूर दोघांची धाड.